सात परिच्छेदांची माफी

प्रिय भवानीबाई,

आधीच स्वच्छ सांगते, मी वैतागले आहे, आणि तुझ्या एकटीवर नाही, तुम्हा दोघांवर. तू तिकडे होस्टेलमध्ये, तुझे बाबा इकडे आपल्या ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, आणि मी मधल्या मध्ये काउंटरवर बसून तुमचा तमाशा बघतेय. सुट्टी संपवून तू गेलीस तेव्हापासून तुम्ही एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत. आणि तरी परवा फोनवर मलाच ऐकवलंस, की आई, आमचं मिटलं, बाबांनी किती सुंदर उत्तर लिहिलंय! मिटलं म्हणे. कपाळ माझं.

भांडण कसं झालं ते काही मला कुणी सांगायला नको, मी मागच्या सीटवरच होते. मैदानात ते तुला गाडी शिकवत होते, तू पुन्हा पुन्हा गाडी बंद पाडत होतीस आणि ते ओरडले. ते सगळ्यांवरच ओरडतात. निम्मं शहर त्यांची बोलणी खाऊन गाडी शिकलंय. पण तू काय केलंस? फोन काढलास, शिकवणाऱ्याने आवाज कसा चढवू नये यावर एआयचं प्रवचन त्यांना वाचून दाखवलंस, आणि वर म्हणालीस की तुमच्यापेक्षा हेच बरं शिकवेल. माझ्या शेजारी त्यांचे दोन विद्यार्थी बसले होते, ते फिस्सकन हसले. बाबांनी तुला उतरायला लावलं, स्वतः स्टीअरिंगवर बसले आणि गाडी परत आणली. दुसऱ्या दिवशी तू त्यांना न सांगता बसमध्ये बसलीस.

मग आलं तुझं माफीपत्र. चांगले सात परिच्छेद! आपल्या नात्यातील विश्वासाला माझ्या वर्तनामुळे तडा गेला याची मला तीव्र जाणीव आहे, वगैरे. अगं, तू? तुझी माफी आम्ही लहानपणापासून बघतोय. दारात उभं राहून पायाने फरशी घासायची आणि 'चुकलं ना आता' म्हणून उलट आमच्यावरच खेकसायचं. या सात परिच्छेदांत ना ती बंद पडलेली गाडी होती, ना ती हसणारी दोन मुलं. आपण एकत्र घालवलेले अनमोल क्षण मात्र होते. कुठले ते एक तरी सांगायचंस!

आणि आमचे हे त्याहून वरचढ. चष्मा पुसून पुसून त्यांनी ते वाचलं, म्हणाले, पोरगी किती मोठी झाली गं, मला कुठलं असं लिहायला येतंय. म्हणून त्यांनीही फोनलाच कामाला लावलं. तुझ्या प्रांजळपणाने मी भारावून गेलो! हा माणूस लग्नातसुद्धा भारावला नव्हता, मंडपात बसून टायरच्या किमतींवर बोलत होता. तुला खरंच शंका आली नाही? म्हणजे एका मशीनने माफी मागायची, दुसऱ्याने ती द्यायची, आणि तुम्ही दोघं हात झटकून मोकळे.

यात माझा खरा संताप कुठे होतो सांगू? तू शाळेतल्या एआय मंडळाची प्रमुख आहेस. नववीच्या मुलांना मशीन जपून कसं वापरायचं ते शिकवतेस. ते जे सांगतं ते पडताळून बघा, घरातल्या खासगी गोष्टी त्याला सांगू नका, त्याने लिहिलेलं स्वतःचं म्हणून खपवू नका. तू केलेलं ते पोस्टर मी कौतुकाने इथे काउंटरमागे लावलंय, येणारी-जाणारी मुलं वाचतात. नववीतल्या एका मुलीने आजीला वाढदिवसाच्या शुभेच्छा मशीनकडून लिहून घेतल्या म्हणून तू तिला अर्धा तास झापलंस, हे तूच मला रंगवून सांगितलं होतंस. आणि आपल्या घरातलं भांडण मात्र साग्रसंगीत त्याच मशीनपुढे मांडलंस. त्या मुलीची माफी कोण मागणार? तीही सात परिच्छेदांत मागणार का?

मी काही त्या मशीनच्या विरोधात नाही, उगाच जुन्या वळणाची म्हणून मला मोडीत काढू नकोस. शिकाऊ लायसन्सच्या परीक्षेचे सराव-प्रश्न मी त्याच्याकडूनच काढते. एकदा त्याने चढ चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायचा नियम चक्क उलटा सांगितला, तोही इतक्या ठामपणे की मीच गडबडले. पुस्तक काढून बघितलं म्हणून बरं. तेव्हापासून विचारते आणि तपासते. तूही विचार ना. भौतिकशास्त्र विचार, निबंधातले कच्चे दुवे विचार, अगदी बाबांशी बोलायची भीती वाटते तर काय करू, हेही विचार. पण मग फोन उचलून बोलायचं तुलाच आहे गं. तिथे तुझ्या जागी ते बसलं, की बाबांना तू भेटतच नाहीस.

आणि त्या पत्राने काय करून ठेवलंय ते तुला माहीत नाही. हल्ली बाबा गाडीत ओरडत नाहीत. पट्टीने डॅशबोर्डवर टकटक करतात, एकदा टकटक म्हणजे हळू, दोनदा म्हणजे ब्रेक. मुलांना गंमत वाटते. घसा बसलाय, धुळीने झालं असेल, असं ते दोन महिने म्हणत राहिले. शेवटी मी हात धरून डॉक्टरकडे नेलं. स्वरयंत्रावर गाठ आहे. पुढच्या गुरुवारी ऑपरेशन. जिवाला धोका नाही असं डॉक्टर म्हणतात, पण नंतर आवाज कितपत राहील, राहील की नाही, ते आधी सांगता येत नाही म्हणाले. मी लगेच तुला फोन करायला निघाले तर यांनी मला अडवलं. म्हणाले, तिचं पत्र वाचलंस ना, किती शांत झालीय, सावरलीय, आता परीक्षा होईपर्यंत तिला त्रास नको. ते सात परिच्छेद त्यांना खरे वाटले, म्हणून ते तुझ्याशी न बोलताच ऑपरेशनला निघालेत. फोनवर हे सांगताना मला रडू येईल, म्हणून लिहून कुरिअरने पाठवतेय. त्यांना दिलेला शब्द मोडतेय, मोडू दे. तू आज त्यांना फोन कर. काही ठरवून, लिहून घेऊन बसू नकोस. रड, भांड, त त प प कर, चालेल. ते ओरडले तर ओरडू दे, आणि फोन लवकर ठेवू नकोस, त्यांना बोलू दे, पोटभर बोलू दे.

तुझीच, आणि तुम्हा दोघांवर सारखीच चिडलेली,
आई