जुईला ऐकू येत नव्हतं, ताई, आणि तुम्हाला ते ठाऊक होतं

प्रिय सुलभाताई,

'प्रिय' लिहिलं आणि पेन खाली ठेवलं. उठून चहा करून आले. दुसरं काय लिहावं ते सुचेना, म्हणून तसंच राहू दिलंय.

तुम्हाला जाऊन चार महिने झाले. शोकसभेत सगळे पालक बोलले, मीच बोलले नाही. रडू आवरत नव्हतं. आता बोलायचंय, तर तुम्ही नाही!

मागच्या महिन्यात एका शनिवारी आपल्या मदतनीस शांतामावशींना घेऊन मी बालघरातलं तुमचं लोखंडी कपाट आवरायला काढलं. खालच्या कप्प्यात जुन्या नोंदवह्या होत्या, एकेका मुलाची एकेक. माझ्या जुईचीही होती. किती हौसेने उघडली मी! लेकीचं बालपण तुमच्या अक्षरात वाचायला मिळणार म्हणून.

"मौनाचा खेळ. मागून हळूच तीनदा नाव घेतलं. जुई उठली नाही. मग शेजारचीचं नाव घेतलं, ती उठली, तिला बघून जुई उठली."

मग आठ दिवसांनी, "आवाजाच्या डब्या. सारख्या आवाजाच्या जोड्या लावत नाही. डबी हलवते आणि माझ्या तोंडाकडे बघते. ऐकू कमी येत असावं. आईशी बोलणे."

पुढच्या महिन्यात पुन्हा, "आईशी बोलणे." त्याच्या पुढच्या महिन्यात तेच, खाली दोन रेघा मारून. आणि मग ते वाक्य बंदच झालं. नोंदी चालू राहिल्या. जुईने पाणी छान ओतलं, जुईने चटई नीट गुंडाळली.

चार वर्षांची होती ती, ताई!

मी फरशीवरच बसले. मावशी घाबरल्या. "काय झालं वं वैशाली? चक्कर आली का तुले?"

मी तुम्हाला विचारलं नव्हतं का? जुईच्या चौथ्या वाढदिवशी काटोलहून माझ्या बाबांनी संत्री पाठवली होती, ती मुलांना वाटून झाल्यावर मी फाटकाशी थांबले होते. म्हणाले होते, "ताई, जुईला हाक मारली तरी वळत नाही हो. घरी सगळे हट्टी म्हणतात." तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "अगं, कामात रमली की मुलं अशीच असतात. एकाग्रता आहे ती. मोडू नकोस."

वाढदिवसाच्या संत्र्यांची नोंद त्या वहीत आहे. रेघा मारलेलं वाक्य त्याच पानावर आहे.

केवढी खूश झाले होते मी! प्रशांत बुटीबोरीहून ड्युटी करून आला, त्याला चपलाही काढू दिल्या नाहीत. आपली पोरगी एकाग्र आहे म्हणून सांगितलं. सासूबाईंना सांगितलं, माहेरी फोन केला. तुमचा शब्द होता ना तो! आमच्या घरात तुमच्या शब्दापुढे कुणी बोलत नसे.

आणि एकाग्र मुलगी ऐकत नसली, तर मग ती मुद्दाम ऐकत नाही, हो ना? पुढची दोन वर्षं मी तेच समजले. तिला कोपऱ्यात उभं केलं. एकदा रस्त्यावर मागून ओरडत राहिले, ती पुढे चालतच राहिली, स्कूटर अगदी जवळून गेली. मी धावत जाऊन तिला थोबाडीत मारली. ती माझ्या ओठांकडे बघत उभी राहिली. मला वाटलं, किती कोडगी आहे ही. ती बिचारी मी काय बोलतेय ते वाचत होती.

पहिलीत गेली तेव्हा तिथल्या कोवळ्या पोरसवदा बाईंनी दोन महिन्यांत विचारलं, "हिचे कान तपासलेत का?" डॉक्टर म्हणाले, दोन वर्षं आधी आला असतात तर बोलणं एवढं मागे पडलं नसतं. कानाला मशीन लावून घरी आणली, तर म्हणाली, "आई, कूलर एवढा ओरडतो?" आम्ही हसलो आणि मग प्रशांत मोरीत जाऊन तोंड धूत राहिला, कितीतरी वेळ.

हे सगळं मी तुम्हालाच येऊन सांगितलं होतं! तुम्ही माझे दोन्ही हात धरून रडलात. मला वाटलं, परक्याच्या लेकीसाठी एवढं कोण रडतं? त्या रडण्यामुळेच तर मी प्रशिक्षण घेतलं, तुमच्या हाताखाली आले. तीन वर्षं आपण शेजारी शेजारी बसून डबा खाल्ला. पालकसभेत तुम्ही सांगायचात, "मूल एक आहे आणि त्याची घरं दोन आहेत. एका घरात दिसलेलं दुसऱ्या घरापासून लपवायचं नाही." मी पहिल्या रांगेत बसून ते लिहून घ्यायचे. तेव्हा माझ्याकडे बघताना काय वाटायचं तुम्हाला? एकदा तरी, त्या तीन वर्षांत एकदा तरी सांगायचं होतंत!

मावशींना मी विचारलं. त्या म्हणाल्या, "तू जुईले घेऊन यायच्या आदल्या साली बाईंनी एका घराले सांगतलं होतं वं, पोरगी नीट बोलत नाही म्हणून. तिचा आजा भर अंगणात बोलला, बाईच्या अंगात खोट हाय म्हणे, पोरीच्या नाही. पोरगी काढून नेली. त्यांच्यासंगं अजून चार घरं गेली. बाई तवापासून भ्यायल्या."

म्हणजे भीती. मला समजतं ते. मीही जुईला घेऊन आले त्या पहिल्या दिवशी तोऱ्यात म्हणाले होते, माझ्या मुलीला नावं ठेवलेली मला चालणार नाही. ते तुम्ही विसरला नसाल. पण ताई, मी नंतर स्वतः विचारत आले होते की! दार मीच उघडलं होतं. ते तुम्ही हसून लावून घेतलंत.

तुमच्याशी खूप भांडले मी आठवडाभर, मनातल्या मनात. आणि सोमवारी वर्गात तन्वीची वही भरायला घेतली.

तन्वी साडेतीन वर्षांची. दोन शब्द जोडून बोलत नाही, कुणाच्या डोळ्यांत बघत नाही. तीन आठवडे मी ते लिहीत होते, आणि तिच्या आईला फाटकाशी सांगत होते, "छान चाललंय हं." ताई, मी! मला स्वतःची किळस आली.

त्याच दिवशी दोघांना बोलावलं. वडील कारखान्यातून अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकून आले. मी दिसलेलं सगळं सांगितलं. ते ताडकन उठले. "काहून? आमची पोरगी येडी वाटून राहिली का तुमाले?"

मीही उठून उभी राहिले. म्हणाले, "नाही. काय आहे ते मला माहीत नाही. मला इथे जे दिसलं ते सांगितलं. तुम्हाला घरी काय दिसतं ते तुम्ही सांगा. मग कुणाला दाखवायचं ते मिळून ठरवू."

त्यांनी तन्वीला उचललं आणि निघून गेले. दोन दिवस ती आली नाही. मला कळलं तुम्हाला तेव्हा कसं वाटलं असेल. तिसऱ्या दिवशी आई एकटी आली. उभीच राहिली. "मॅडम, मले तर सालभरापासून वाटून राहिलं. कोणीच काही म्हनत नव्हतं, तर मी बी बोलली नाही." तासभर बसलो आम्ही. तिच्याकडे माझ्या वहीपेक्षा जास्त होतं सांगायला. आता डॉक्टरकडे जाऊन आलेत. तन्वी रोज येते. वडील अजून माझ्याकडे बघत नाहीत. न बघोत.

हे तुम्हाला जमलं असतं, ताई. माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं जमलं असतं. तेच सहन होत नाही.

तुम्हाला माफ केलंय असं खोटं लिहिणार नाही. बालघर मात्र चालवतेय.

जुई दहा वर्षांची झाली. परवा विचारत होती, "सुलभाताईंच्या फोटोला हार मी घालू का?" मी नंतर बघू म्हणाले. आणि लगेच लक्षात आलं, मीही तिच्यापासून लपवायला लागलेय.

म्हणून तुम्हाला वचन देते. या रविवारी तिला समोर बसवून सगळं सांगणार आहे. आधी मी काय केलं ते, मग तुम्ही काय केलंत ते. ती माझ्यावर चिडली तर ऐकून घेईन. तुमच्यावर चिडली तरी तुमची बाजू मांडायला धावणार नाही. आणि एवढं ऐकूनही तिने हार मागितला, तर मीच आणून देईन.

तुमची विद्यार्थिनी,
आणि त्याच्याही आधी जुईची आई,
वैशाली