लॉन पूर्ण कापून होऊ नये म्हणून

प्रति,
मा. नियमपालन अधिकारी,
नगर कार्यालय, मिलर्सफोर्ड, ओहायो.

विषय : ४१२, बीच स्ट्रीट येथील लॉन येत्या गुरुवारी नगराच्या माणसांकडून कापून न घेण्याबाबत.

संदर्भ : आमच्या दारावर चिकटवलेली आपली दि. ९ जूनची नोटीस.

महोदय,

१. आमचे गवत आठ इंचांच्या मर्यादेबाहेर गेल्याचे आपण कळवले आहे. आपल्या निरीक्षकांनी टपालपेटीजवळ पट्टी लावली, अकरा इंच भरले. मोजमाप बरोबर आहे. तेच पायऱ्यांजवळ मोजले असते तर दोन इंच भरले असते, एवढे नोंदवू इच्छिते.

२. माझे पती श्री. हार्लन, वय ८१, यांची स्मृती गेली आहे. लॉन कापायचे तेवढे ते विसरलेले नाहीत. हाताने ढकलायच्या यंत्राने ते रोज दोन पट्टे कापतात, दमतात आणि घरात येतात. टपालपेटीपर्यंत पोहोचेतो पायऱ्यांजवळचे पुन्हा वाढलेले असते. परिणामी आमचे लॉन सदैव कुठे ना कुठे बेकायदा असते.

३. मे महिन्यात हार्लनकडे लक्ष ठेवायला शेजारी श्री. वेंडल क्रूगर यांना सांगून मी डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले. घरात आजारपण असले की शेजाऱ्याने न विचारता लॉन कापून द्यायचे, ही आमच्या गल्लीची रीत आपण जाणताच. वेंडल यांनी बसून चालवायच्या मशीनने वीस मिनिटांत सगळे साफ केले. मी परतले तेव्हा म्हणाले, "आभार-बिभार नकोत हं, ॲर्डिथ. तुमचा जीव तेवढाच मोकळा!" तोवर हार्लन यंत्रासकट नाहीसे झाले होते. दोन तासांनी हमरस्त्यावर, धान्याच्या कोठारांपाशी, ट्रकच्या रांगेपुढे यंत्र ढकलत चाललेले सापडले.

४. (मध्येच उठावे लागले. ते अंगणातच आहेत.) आता कबुली. त्या दिवसापासून त्यांनी कापलेल्या पट्ट्यांवर मीच खत टाकते, पाणी मारते. नियमभंग त्यांचा नाही, माझा आहे. शिक्षा काय ती मला करावी.

५. (पुन्हा उठले. अंगणातच आहेत.) डॉक्टर म्हणतात, दाराला कुलूप घाला. घालून पाहिले. ते दारावर डोके आपटू लागले, तेव्हा काढले.

६. मी एकतीस वर्षे दर शनिवारी इस्पितळाच्या स्वयंपाकघरात पाळी करत असे. हार्लन लॉन उरकत आणि मला आणायला गाडी घेऊन येत. अर्धे टाकून एकदाही आले नाहीत. हमरस्त्यावर पोलिसाने विचारले, "आजोबा, निघालात कुठे?" तर म्हणाले, "लॉन झालं बाबा. बायको ताटकळली असेल, तिला आणतो." घरी परतताना पोलिसाच्या गाडीत मी त्यांच्या शेजारीच बसले होते. मला म्हणाले, "तुम्ही भल्या दिसता, बाई. जरा घाई करायला सांगा ना ह्यांना."

७. तरी गुरुवारी कृपया कोणास पाठवू नये. पाठवणे भागच असेल तर एक पट्टा, कुठलाही, सोडण्याचा हुकूम व्हावा. गवत संपले की ते मला आणायला निघतील, आणि मी इथे घरात असेन.

आपल्या उत्तराकडे आणि अंगणाकडे डोळे लावून बसलेली,

ॲर्डिथ व्होगल
दि. १४ जून

सोबत :
१. नोटिशीची प्रत.
२. डॉक्टरांचे पत्र.
३. श्री. वेंडल क्रूगर यांचे सहीनिशी वचन, की ते पुन्हा मदत करणार नाहीत.