ठकीचे पुढचे दोन दात

दि. ९ मार्च, सोमवार दुपार

तीर्थरूप आक्का,

नमस्कार. इकडे सर्व खुशाल, असं लिहून मोकळा होणार होतो. पण तुम्ही माझ्या बायकोच्या थोरल्या बहीण, माझ्या थापा तुम्हाला पचत नाहीत. तरी खरी तेवढी खुशाली कळवतो. माझा खोकला गेला. कामाला तोटा नाही, माणसांचे दात पडतच असतात आणि मी कवळ्या करतच असतो. ठकीला नववं लागलं. तिचे जुने फ्रॉक आता पोलक्यासारखे दिसतात.

सहा महिन्यांपूर्वी फोनवर मी तुम्हाला नको ते बोललो. तुम्ही एवढंच म्हणाला होतात, ‘पोरीला दर रविवारी आईला भेटायला त्या इस्पितळात नेऊ नका, थोडे दिवस माझ्याकडे पाठवा.’ त्यावर आमच्या घरात नाक खुपसू नका, असं मी म्हणालो. चुकलो. फोनवर पुन्हा आवाज चढेल, म्हणून हे कागदावर.

तुम्ही दर पत्रात विचारता, फोटोत पोर तोंड मिटून का बसते? मी दोनदा विषय टाळला. आज सांगतो, पण जरा रेंगाळत सांगेन. सांभाळून घ्या.

तापानंतर तुमच्या धाकटीचं, माझ्या बायकोचं, डोकं तीन वर्षांपूर्वीच्या त्या आठवड्यात अडकून पडलंय, हे तुम्ही पाहिलं आहेच. मला ती ओळखते, फक्त ‘किती वाळलात हो’ म्हणते. ठकी मात्र तिच्यासाठी पाचच वर्षांची. उंची वाढली, केस वाढले, तरी दर रविवारी ती पोरीची हनुवटी धरायची आणि म्हणायची, ‘ई कर बघू.’ ठकी ई करायची. तांदळाच्या दाण्याएवढे ते दात, मधली ती फट. ते दिसलं की धाकटीचा चेहरा फुलायचा. ‘माझीच गं बाई ती!’ तेवढ्यासाठी आम्ही दोघं आठवडा काढायचो.

मग गेल्या वर्षी वरचे पुढचे दोन दात पडले, चार दिवसांच्या अंतरानं. पहिला पडला तेव्हा ठकी माझ्या कारखान्यात धावत आली, तळहातावर दात घेऊन, नाचत. मीही हसलो, तिला उचलून घेतलं. दुसऱ्यांच्या बोळक्यांवर पोट भरणारा माणूस मी, माझ्याच पोरीच्या तोंडातली रिकामी जागा मला बघवेना.

त्या रविवारी धाकटीनं हनुवटी धरली, ठकीनं मोठ्या ऐटीत ई केलं. धाकटीनं हात झटकला. ‘ही कोण? माझी ठकी कुठंय? कुणाची पोर आणलीत?’ ओरडून ओरडून तिनं वॉर्ड डोक्यावर घेतला. नर्सबाईंनी आम्हाला बाहेर काढलं. बसमध्ये ठकी म्हणाली, ‘बाबा, मी मुद्दाम नाही पाडले.’

आक्का, तुम्हीच सांगा, मी काय करायला हवं होतं? मला येतं ते मी केलं. तिच्या टाळूचा साचा घेतला, प्लास्टर ओतलं, मेण लावलं. बाजारात मिळतात ते दात मोठ्या माणसांचे, म्हणून तिचेच पडलेले दोन दात घासूनपुसून गुलाबी प्लेटवर बसवले, मधल्या फटीसकट. इतकं नाजूक काम मी जन्मात केलं नव्हतं. पुढच्या रविवारी धाकटीनं हनुवटी धरली, ठकीनं ई केलं, आणि आईनं पोरीला छातीशी धरलं. मी खिडकीकडे तोंड करून उभा राहिलो.

इथवर तुम्ही मला माफ कराल. पुढचं ऐका.

प्लेट फक्त रविवारी घालायची, असं ठरलं होतं. मी ती रोज घालायला लावली. ‘सवय मोडली की बसत नाही,’ असं ठकीला सांगितलं. साफ खोटं. मला ती तशी बघायची होती. सकाळी दूध पिताना, शाळेतून येताना, तेच दात, तीच फट. घरात काहीतरी अजून बिघडलेलं नाही, असं वाटायचं. दुखतंय म्हणाली तेव्हा प्लेट कानशीनं थोडी घासून दिली. पुन्हा दुखलं, पुन्हा घासली. गिऱ्हाइकांना देतो तसाच धीर दिला, ‘बसेल हळूहळू.’ हिरड्यांतून नवे दात वर ढकलत होते आणि मी त्यांच्यावर झाकण घालून बसलो होतो. असं दहा महिने. फोटोत ती तोंड मिटायची ते दुखत होतं म्हणून.

शेवटी गेल्या आठवड्यात शाळेतल्या तपासणीत दातांच्या डॉक्टरीणबाईंनी पकडलं. मला ओळखतात त्या, त्यांचं काम माझ्याकडेच येतं. प्लेट हातात घेऊन उलटसुलट करून बघितली. ‘काम सुरेख आहे,’ म्हणाल्या, ‘पण स्वतःच्या पोरीच्या तोंडात?’ एक दात टाळूच्या बाजूला वळलाय, दुसरा आडवा येतोय. तारा लावाव्या लागतील, तरी पूर्ण सरळ होतील याची खात्री नाही. प्लेट त्याच दिवशी बंद झाली.

काल रविवार होता. मी ठकीला म्हणालो, आज तू घरी थांब. ती चप्पल घालून दारात उभी. ‘मी येणार. मला माहितीय काय करायचं.’

धाकटी खाटेवर बसली होती. ‘कोण गं तू?’ ठकी म्हणाली, ‘मी शेजारची. ठकी झोपलीय, म्हणून मी आले.’ एका शब्दालाही अडखळली नाही. बसमध्ये पाठ केलं असणार.

धाकटी ओरडली नाही. सरकून तिनं जागा करून दिली. डोक्यावरून हात फिरवला, मग हनुवटी धरली. ‘ई कर बघू.’ ठकीनं केलं. धाकटीनं बराच वेळ निरखून पाहिलं. ‘अगं बाई, किती वाकडे आलेत! तुझ्या आईचं लक्ष नाही का तुझ्याकडे?’

‘तिला बरं नसतं,’ ठकी म्हणाली.

‘आणि बाबा?’

ठकीनं माझ्याकडे बघितलंही नाही. ‘बाबांचं आहे लक्ष,’ म्हणाली.

प्लेट माझ्या खिशात होती. आक्का, त्या घटकेला मनात आलं, पटकन घालावी पोरीच्या तोंडात, एकदाच, शेवटचं. एवढं सगळं होऊनही. म्हणून आता प्लेट या पाकिटात तुमच्याकडे पाठवतोय. फेकू नका, पण मी मागितली तरी मला देऊ नका.

निघताना धाकटीनं ठकीचा हात थोपटला. ‘येत जा हो. आमच्या ठकीशी खेळायला.’ पोर ‘हो’ म्हणाली.

आता ती दर रविवारी जायचं म्हणते, शेजारची म्हणूनच. आईजवळ बसायला मिळतं, एवढं तिला पुरतं. मला पुरत नाही, पण मला विचारतंय कोण. डॉक्टर म्हणतात धाकटी सुधारणार नाही, आणि ठकी मोठी व्हायची थांबणार नाही.

तुम्ही मागितलेला फोटो सोबत आहे. पोर दात दाखवून हसतेय, बघा. काल बसमधून उतरताना तिनं विचारलं, ‘आईनं माझं नाव विचारलं तर काय सांगू?’ मला सुचलं नाही. तुम्हाला सुचलं तर कळवा, रविवारच्या आत.

तुमचा,
शेजारच्या मुलीचा बाप