जाहिरातींची इर्जिक

मोताळा,
१२ ऑक्टोबर २०१७

तीर्थरूप जानराव मामांस,

तुमचा एकुलता एक, आणि म्हणून निरुपायाने लाडका, भाचा राजकुमार याचा दंडवत. सिंधूमामींनाही सांगावा. इकडे आई, मी आणि म्हैस असे तिघंही खुशाल आहोत. तुमचा गुडघा बरा असेल आणि दुकानात गिऱ्हाइकांवर ओरडून घसा बसलेला नसेल, अशी आशा करतो. इंटरनेटवर वेबसाइट चालवणारा माणूस पोस्टाने पत्र का धाडतो, असं तुम्ही मामींना विचारालच. मामा, फोनवर तुम्ही "बोल" म्हणता आणि मग स्वतःच बोलत राहता. पत्राला मध्येच तोडता येत नाही (फाडता येतं, पण त्यासाठी आधी पाकीट उघडावं लागतं).

पोळ्याच्या दिवशी आमच्या ओसरीवर आईसमोर जी पैज लागली ती मी विसरलेलो नाही. माझ्या कपाशीच्या वेबसाइटने दिवाळीपर्यंत जाहिरातींतून निदान एका क्विंटल कापसाच्या भावाएवढे पैसे आणले तर ती चालू ठेवायची. नाही आणले तर ती बंद करून देऊळगाव राजाला यायचं आणि तुमच्या कृषी केंद्रात काउंटरवर बसायचं. मी हो म्हणालो होतो (पोटात पुरणपोळी असली की माणूस कशालाही हो म्हणतो). दिवाळीला आता सात दिवस उरले आहेत, म्हणून घडलेलं सगळं पहिल्यापासून सांगतो.

वेबसाइट काढली की लोक आपोआप येतात असं मला वाटायचं. दोन वर्षं मी बीटी कपाशीवर लिहीत होतो आणि माझ्या माहितीत वाचणारे दोघेच होते, मी आणि आसिफ. त्यातला मी चुका सुधारण्यासाठी वाचत होतो. आसिफ म्हणजे स्टँडजवळचा मोबाइल दुरुस्तीवाला, या विद्येतला माझा गुरू. त्याने शोधून दाखवलं की कपाशीबद्दल कोणी काही शोधलं तर माझं नाव चौदाव्या पानावर येतं. "चौदाव्या पानावर तं भाई, चोर बी नाही जात," असं त्याचं मत पडलं. लोक जो शब्द शोधतात तो लिखाणात पुन्हा पुन्हा यायला हवा, असा इलाज त्याने सांगितला. मी इलाजाला कधी कमी पडत नाही. एकाच लेखात मी 'कपाशी' हा शब्द दोनशे बारा वेळा घातला. आईला वाचून दाखवला तर तिने मधेच थांबवून विचारलं, "काऊन रे, वाचनारा बहिरा हाय काय?" इंटरनेटचंही तेच मत पडलं असावं, कारण चौदाव्या पानावरून मी बाविसाव्यावर गेलो.

मग मी कॉम्प्युटर सोडून आठवडी बाजारात जाऊन बसलो. मिरचीवालीशेजारी दोन तास बसून लोक कपाशीबद्दल काय बोलतात ते नुसतं ऐकलं (अर्धा किलो मिरची घ्यावी लागली, त्यावरून आई अजून सुनावते). माझ्या लेखाचं नाव होतं 'गुलाबी बोंडअळीचे एकात्मिक व्यवस्थापन'. मामा, अख्ख्या बाजारात हे शब्द उच्चारणारा एकही इसम नव्हता. सगळे एकच विचारत होते, "बीटी हाय तं अळी काऊन पडली?" बरोबरच आहे. बियाण्याची थैली घेताना बीटीला अळी लागत नाही असं ऐकलेलं, आणि इथे बोंड फोडावं तर आत जावयासारखी ऐसपैस बसलेली. मी लेखाचं नाव बदलून तोच प्रश्न जसाच्या तसा घातला आणि उत्तर बोली भाषेत लिहिलं: सापळे कुठे लावायचे, अळी पडलेल्या कळ्या कशा तोडायच्या, पीक डिसेंबरच्या पुढे का ठेवायचं नाही. आठ दिवसांत लेख पहिल्या पानावर आला. तिसरी ओळ. एका दिवसात अकराशे माणसं आली. एवढी माणसं आपल्या दारी आली असती तर बसायला सतरंज्या पुरल्या नसत्या. मला इतका आनंद झाला की मी म्हशीलाही सांगितलं.

माणसं आली तशा जाहिराती आल्या. कोणत्या लेखाखाली कोणती जाहिरात लावायची हे तिकडच्या कंपनीचं यंत्र ठरवतं, आणि ते यंत्र कधी शेतात गेलेलं नाही. 'बोंडं भरत नाहीत' या लेखाखाली त्याने वजन वाढवायची पावडर लावली, आणि 'आतून पोखरलेलं बोंड' याच्याखाली दातांचा दवाखाना. पण कोणी जाहिरातीवर बोट दाबलं की मला दोन-चार रुपये मिळायचे. दसऱ्यापर्यंत पाऊण क्विंटल जमला. मामा, मी पैज जिंकत होतो.

आणि या आनंदात मी उकंडरावकाकांना ही बोट दाबायची गोष्ट सांगितली. तुमचे शाळासोबती तुम्हाला माहीतच आहेत. "येवढंच काम हाय तं पोराले एकट्याले काऊन करू देता बे?" असं ते पारावर सगळ्यांना म्हणाले आणि माझी इर्जिक ठरली. नांगरटीला करतात तशीच, फक्त बैलांच्या जागी मोबाइल. पाच तारखेला माझ्या शेतातल्या निंबाखाली सव्वीस माणसं आणि सतरा फोन जमले. आसिफ त्या दिवशी नेमका मालासाठी बुलढाण्याला गेला होता. तण निंदायला बसतात तसे सगळे ओळीने बसले, आणि निंदणाला धरतात तशी ज्याने त्याने आपापली पात धरली: कोणी पावडर, कोणी दात, कोणी ट्रॅक्टर. तानुबाई निंदणात कोणाला पुढे जाऊ देत नाही, तसं इथेही जाऊ दिलं नाही. तिने एकटीने तीनशे दहा वेळा दाबलं, आणि फोन तापला तेव्हा त्यावर ओला फडका टाकून पुन्हा सुरू केलं. आईने गोवऱ्यांवर कणकेचे रोडगे भाजले, वांग्याची भाजी केली. आसिफ परत आला तो जेवणाच्या वेळेला. सगळं पाहून तो डोक्याला हात लावून बसला. जेवला मात्र चार रोडगे.

दिवस मावळताना सव्वा क्विंटल झाला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी कंपनीचं पत्र आलं. तुमच्या जाहिराती खोटेपणाने दाबल्या गेल्या आहेत, तुमचं खातं कायमचं बंद, आणि सगळे पैसे जाहिरातवाल्यांना परत. मी इंग्रजीत दीड पानी खुलासा पाठवला. ज्याचं काम अडतं त्याच्या शेतात गाव एक दिवस फुकट राबतं आणि तो गावाला जेवू घालतो, याला इर्जिक म्हणतात, यात खोटं काही नाही, असं लिहिलं. खात्री पटावी म्हणून रोडग्यांची कृतीही जोडली. एका मिनिटात उत्तर आलं की खुलासा वाचला, निर्णय बदलणार नाही. उकंडरावकाकांना फार वाईट वाटलं. "कमी पडलं असन. आनखी मानसं बलावू काय?" असं ते अजून विचारतात.

तर मामा, कमाई शून्य. पैज मी हरलो. यंदा अळीने सगळ्यांचंच पीक पोखरलं, माझंही. पण त्या दिवशी निंबाखाली आम्ही सव्वीस जण जेवढे हसलो तेवढं या हंगामात कोणी हसलं नव्हतं. शिवाय दाबण्यासाठी पान उघडावं लागतं, आणि उघडलेलं पान थोडं वाचलंही जातं. त्यातल्या अकरा जणांनी आता शेतात सापळे लावले आहेत. वेबसाइट बंद करताना मला वाईट वाटेल, हे लपवत नाही. पण शब्द म्हणजे शब्द. पाडव्याला पिशवी घेऊन येतो.

थोरामोठ्यांना नमस्कार, दुकानातल्या मांजरीला चुचकारणं.

तुमचा बोलल्या शब्दाला जागणारा,
राजकुमार

ता. क. : पाकीट चिकटवणार एवढ्यात मामींचा आईला फोन आला. मामी म्हणाल्या की तुम्ही वर्षभर रोज सकाळी दुकान उघडल्यावर चष्मा लावून माझी वेबसाइट वाचता, आणि गिऱ्हाइकाने अळीचं विचारलं की स्वतःचं ज्ञान म्हणून तेच सांगता. म्हणजे मामा, मी तुमच्या काउंटरवर वर्षापासून बसलेलोच आहे, पगार तेवढा सुरू व्हायचा आहे. वेबसाइटवर सगळ्यात वरची जागा आता रिकामी आहे. तिथे तुमच्या कृषी केंद्राची जाहिरात लावतो, महिना एक क्विंटल भावाने. पाडव्याला यायचं की नाही ते कळवावं.

ता. क. २ : मामींनी आणखी एक सांगितलं. पाच तारखेला उकंडरावकाकांनी तुम्हालाही फोन केला होता, आणि तुम्ही दुकानाचं शटर अर्धं पाडून, जेवण सोडून, दुपारभर दातांचा दवाखाना दाबत बसला होतात. तानुबाईच्या खालोखाल नंबर तुमचाच असावा. पैज तुम्ही जिंकलात, मामा, पण हरायचा प्रयत्न करता करता. तुमच्या वाटणीचे रोडगे आई आता ताजे भाजून बांधून ठेवणार आहे. ते न्यायला तुम्हीच या.