जुना शाफ्ट

सांगली,
गुरुवार, ९ जानेवारी २०२५

प्रिय सयाजी,

जय जिनेंद्र. इकडे आम्ही सगळे बरे आहोत. तुझ्या राजमतीवहिनीची कंबर आता दुखत नाही. आमची ब्राह्मी कॉलेजच्या सुट्टीला घरी आली आहे. तुझ्या आईची तब्येत कशी आहे? तुमच्या माण तालुक्यात यंदा विहिरींना पाणी टिकलं का?

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून ही चिठ्ठी दहिवडी एसटीचे कंडक्टर नानासो यांच्याकडे देतो आहे.

ती लाल गाडी मंगळवारी गेली. साताऱ्याच्या राजवर्धनची, त्याच्या वडिलांच्या वेळची दोन दारांची स्पोर्ट्स कार. तिचं जुनं इंजिन तूच उतरवलं होतंस. तू गेल्यावर मी नवं सहा सिलिंडरचं बसवलं. क्लच मोठा घातला, गिअरबॉक्स त्याच इंजिनाचा घेतला, मागचं डिफरन्शिअल आणि ब्रेक बदलले. पहिल्यांदा स्टार्ट केली तेव्हा शेजारच्या शेडमधली माणसं हातातलं काम टाकून आली. ब्राह्मीने व्हिडिओ टाकला, तो पुण्या-कोल्हापुरापर्यंत फिरला. आपल्या गॅरेजचं नाव झालं.

इथेच चिठ्ठी संपवावी असं वाटलं होतं. पण तीन दिवस मला जेवण जात नाही.

गाडी ऐंशीच्या वर गेली की खालून थरथर येते. राजवर्धनला ती जाणवत नाही, त्याला इंजिनाचा आवाजच इतका आवडला आहे. मला ती तळपायात कळते. येत्या रविवारी तो बहिणीला, संयोगिताला, शेजारी बसवून पसरणी घाटाने पाचगणीला नेणार आहे. वर जुन्या गाड्यांचा मेळावा आहे.

दिवाळीत तू काय म्हणालास ते मला शब्दाला शब्द आठवतं. "धन्या, इंजान दुप्पट ताकदीचं टाकतुयास, मग त्ये वझं मागच्या चाकापत्तुर न्हेणारं सगळंच बदलाय पायजे. एक जरी जुनं ठेवलंस तर तितंच तुटंल, गड्या." आणि मी गिऱ्हाइकांसमोर म्हणालो, तू मिल्ट्रीचे ट्रक ढकललेस, हे नाजूक काम तुला कळायचं नाही. तू हात पुसलेस आणि गेलास.

शाफ्ट जुनाच आहे, सयाजी. गिअरबॉक्सपासून मागे जाणारा. नवा गिअरबॉक्स लांब निघाला, म्हणून तोच शाफ्ट कापून, वेल्डिंग करून आखूड केला. दोन्ही टोकांच्या सांध्यांतले क्रॉसही जुनेच. पुण्याहून नवा यायला तीन आठवडे लागणार होते आणि मेळाव्याची तारीख तोंडावर होती. मी त्याला काळा रंग मारला आणि राजवर्धनला सांगितलं, सगळं नवीन आहे.

पुढचा क्रॉस वेगात तुटला तर काय होतं हे तुला मी सांगायला नको. शाफ्टचं टोक रस्त्यात रुतलं तर गाडी उलटते, नाहीतर दोन सीटच्या मधून पत्रा फाडून वर येतं.

काय करू ते सांग.

धन्यकुमार


सांगली,
बुधवार, १५ जानेवारी २०२५

प्रिय सयाजी,

शुक्रवारी दुपारी तुझा फोन आला. "गाडी थांबीव. मग बोल." एवढंच बोललास आणि ठेवलास. पुढे काय झालं ते ऐकायचा तुझा हक्क आहे.

मी लगेच राजवर्धनला फोन लावला. तो म्हणाला, "बोला दादा, गाडी एक नंबर चालतीय." मी म्हणालो, ऑइल बघत जा. आणि ठेवला. शनिवारी दोनदा लावला, दोन्ही वेळा रिंग वाजायच्या आत बंद केला. माणूस इतका भितो हे मला माहीत नव्हतं. घाटात ते मरतील याची भीती होती, आणि मी खोटं बोललो हे त्यांना कळेल याचीही. कोणती मोठी होती ते मला आजही नीट सांगता येत नाही.

रविवारी पहाटे मोटारसायकल काढली. कऱ्हाड, सातारा करत वाईला पोहोचलो तेव्हा हात थंडीने वळत नव्हते. घाटाच्या अलीकडे एका हॉटेलासमोर लाल गाडी उभी दिसली. मी मोटारसायकल आडवी लावली आणि तिथेच बसलो.

राजवर्धन मिसळ खाता खाता बाहेर आला. "दादा, तुम्ही कसे काय इथं?"

मी टॉर्च काढला. गाडीखाली सरकलो, पुढच्या क्रॉसला हात लावला. सयाजी, तो हाताने हलत होता. बेअरिंगच्या टोप्यांभोवती गंजाची लाल पूड बसली होती. मी त्याला खाली वाकायला लावलं, टॉर्च मारला आणि सांगितलं. शाफ्ट जुना, वेल्डिंग माझं, नवीन म्हणालो ते खोटं.

तो मारेल असं वाटलं. त्याने फक्त चावी काढून खिशात टाकली. मेळाव्याला निघालेल्या दोन गाड्या हॉर्न देत शेजारून वर गेल्या.

बोलली ती संयोगिता. "काका, ह्या गाडीत तुम्ही तुमच्या मुलीला बसवलं असतं का?"

जे मी पहिल्या चिठ्ठीत तुला लिहिलं नाही ते हे. बसवलं होतं.

गाडी द्यायच्या आदल्या दिवशी ट्रायलला ब्राह्मी दारातच उभी राहिली. "पप्पा, मी पण." नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं. म्हणून बसवलं. हायवेवर गाडी शंभरच्या वर गेली. ती हसत होती, मोबाईल धरून म्हणत होती, अजून पळवा. तिचा पाय शाफ्टवरच्या पत्र्याला टेकलेला होता. मी रस्ता बघत नव्हतो, तो पाय बघत होतो. थरथर सुरू झाली तरी वेग कमी केला नाही, कारण ती विचारेल, का हळू केली? फिरलेल्या व्हिडिओत आवाज आहे तो त्याच वेळचा.

संयोगिताला मी खरं उत्तर दिलं. तिने मान फिरवली.

गाडी टोचन करून वाईतच एका शेडमध्ये ठेवली आहे. राजवर्धन म्हणतो, ज्या माणसाने आधी सांगितलं होतं तो येऊन बघेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही. तुझं नाव मीच दिलं. नवा शाफ्ट पुण्याला सांगितला आहे. बसवायचा की नाही, आणि कोणी, हे तू ठरव. मला तिथे यायला सांगितलंस तर पाने उचलून द्यायला येईन. नको म्हणालास तर येणार नाही.

परवा संध्याकाळी ब्राह्मीला सगळं सांगितलं. राजमतीही तिथेच होती. ब्राह्मीने एकच विचारलं, "त्या दिवशी तुम्हाला माहीत होतं?"

"होतं," मी म्हणालो.

तिने व्हिडिओ काढून टाकला. त्यानंतर ती माझ्याशी बोललेली नाही. आज कॉलेजला परत गेली. मी स्टँडवर सोडतो म्हणालो, तर चालत गेली. मी दारात उभा राहून ती कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत होतो. घाटाची भीती एका सकाळीत संपली. ही कधी संपेल ते मला कळत नाही.

माफी मागत नाही. तेवढी पत माझी उरलेली नाही. दिवाळीत गिऱ्हाइकांसमोर जे बोललो ते खोटं होतं, हे त्याच गिऱ्हाइकांना एकेक करून सांगतो आहे. आजपर्यंत चौघांना सांगितलं.

ज्याने तुझं ऐकायला हवं होतं तो,
धन्यकुमार