पोतडीच्या पाठीवरचा डाग

१७ जानेवारी

आमच्या कुत्रीच्या, पोतडीच्या, पाठीवर डाग आहे. शेपटीच्या जरा वर. गोल! केस गेलेले, कडेने पापुद्रे. आज विंचरताना दिसला, कोटाच्या बटणाएवढा. गोलच का असावा? दुसरा कुठलाही आकार चालला असता.

लगेच हात धुतले. मग ब्रश धुतला. मग आठवलं, सकाळभर ती ह्याच्या पायांवर पसरली होती. (पसरते म्हणूनच तर पोतडी. कुणीतरी आणून टाकल्यासारखी.) म्हणून पांघरूण ओढून काढलं आणि गरम पाण्यात टाकलं. हा म्हणाला, "काय झालं गं?" मी म्हणाले, "काही नाही, धुवायला झालं होतं." खोटं. आणि तेही किती सहज निघालं तोंडातून!

वर्ष होत आलं ऑपरेशनला. नवी किडनी शरीराने परकी म्हणून हाकलू नये यासाठी ह्याला रोजच्या गोळ्या. त्या गोळ्या शरीराची लढायची ताकदच कमी करतात. घरी सोडताना किडनीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं — कुत्रं राहू दे, पण आजारी कुत्रं जवळ नको. आणि बुरशीपासून जपा. गजकर्ण म्हणजे बुरशीच. कुत्र्याचं माणसाला लागतं. एवढंच मला माहीत होतं. बाकीचं मोबाईलवर वाचलं. फोटोसुद्धा पाहिले. शेवटी न राहवून ह्यालाही दाखवले. नको होते दाखवायला.

१८ जानेवारी

कॉलेजात दोन तास घेतले. काय शिकवलं कोण जाणे.

संध्याकाळी पोतडीला घेऊन कुत्र्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी शेपटीजवळचे केस उलटे फिरवले, आतून काळे कण काढून ओल्या कापसावर टाकले. कापूस लालसर झाला. "पिसवांची घाण आहे ही. तिचंच रक्त प्यालेलं, म्हणून लाल."

"आमच्याकडे पिसवा नाहीत हो."

"पिसवा सोडून सगळे हेच म्हणतात."

काही कुत्र्यांना पिसवांच्या लाळेचीच ॲलर्जी असते म्हणे. एक चावली तरी पुरते. कंबर, शेपटीचं मूळ, मांड्यांची मागची बाजू — कुत्रं तिथेच चावत सुटतं, कातडी फुटते, त्यात जंतू जातात आणि असे गोल पापुद्रे धरतात. दिसायला हुबेहूब गजकर्ण. मला एकदम हलकं वाटलं. पण मी ह्याच्या किडनीचं सांगितल्यावर बाई खुर्चीत सरळ बसल्या. कातडी खरवडून काचेवर घेतली — खरजेचे किडे नाहीत. अंधार करून निळा दिवा धरला — डाग चमकला नाही.

"म्हणजे बुरशी नाही ना?"

"काही बुरशी चमकतच नाही. केस पाठवते लॅबमध्ये. तिथे ती उगवते का ते बघावं लागतं, दोन-तीन आठवडे जातील. बहुतेक नसणार. पण घरात असं माणूस आहे, तर तोवर वेगळी ठेवा."

बहुतेक! हा शब्द घेऊन घरी आले.

मानेवर थेंब टाकायचं पिसवांचं औषध दिलंय. आठवड्यातून दोनदा औषधी शांपू. फेस अंगावर थोडा वेळ राहू द्यायचा, लगेच धुवायचा नाही. आणि माणसाची मलमं लावायची नाहीत, ती चाटून पोटात जातात.

१९ जानेवारी

पोतडी मागच्या खोलीत. वॉशिंग मशीन, जुन्या बॅगा, इस्त्रीचं टेबल आणि ती. दार बंद केलं तर ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

हा म्हणाला, "वॉर्डात टाकलीस तिला? भेटायच्या वेळा काय आहेत?"

"तुझ्यासाठी नाहीतच."

"अगं, दुरून तरी. काचेतून."

मी हसले नाही. नंतर वाटलं, हसायला काय जात होतं?

२२ जानेवारी

रोज सगळी फरशी जंतुनाशकाने पुसते. हातमोजे नकोसे होतात, बादलीत धड पिळता येत नाही. बाटलीवर लिहिलंय बादलीला एक झाकण. एका झाकणाने काय होणार? मी दोन घालते. काल तीन घातली. मागच्या खोलीत तर आणखी, ती तिथे लोळते ना. वासाने डोळ्यांत पाणी येतं. पण वास आला की बरं वाटतं. वास आहे म्हणजे काहीतरी मरतंय.

२५ जानेवारी

ताई आल्या होत्या. ह्याची मोठी बहीण. किडनी त्यांचीच.

आल्या आल्या नाक दाबलं. "अगं, दवाखान्यात आले की तुझ्या घरी?" मग पोतडीचं कळलं. हा सांगणार नव्हता, मीच सांगितलं. माझ्या पोटात राहत नाही. ताई चहाचा कप खाली ठेवून म्हणाल्या, "हे बघ, मला कुत्रं आवडतं. पण ती किडनी माझी आहे. मी ती ह्याला दिली, कुत्र्याच्या हौसेला नाही दिली."

हा म्हणाला, "ताई, परत घेऊन जातेस का? रिकाम्या हाताने कशाला जातेस!"

"तू गप्प बस. तुझ्याशी नाही बोलत, हिच्याशी बोलतेय. हिला अक्कल आहे."

जाताना दारात माझा हात धरला. हात थंड होता त्यांचा. "मला दुसरी देता येणार नाही गं."

त्या रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. माझ्याइतक्याच. हे आधी का नाही कळलं मला?

२७ जानेवारी

ह्याला शिंक आली. एकच. दुपारभर माझे कान त्याच्याकडे.

३१ जानेवारी

वाढलंय!

शांपू करताना तिला उताणी केली. पोट लालभडक. काखा, मांड्यांच्या आतली बाजू, हनुवटी. पंजांच्या बोटांमधलं कातडं सुजलेलं, चाटून चाटून केस तांबूस झालेत. बारीक पुरळ आहे, काही ठिकाणी ओलं. पाठीवरच्या डागाकडे पाहायचं मी विसरूनच गेले.

म्हणजे पसरलं. म्हणजे बाईंचं "बहुतेक" चुकलं. अंगभर पसरलं तर घरभर पसरायला किती वेळ? आणि मग ह्याच्या —

पुढचं लिहीत नाही.

तिला पुसून कोरडी केली. ती माझा हात चाटायला आली, मी झटकन मागे घेतला. ती समजली. कुत्र्याला असं काही समजत नाही म्हणतात. समजतं.

रात्रीची गोळी ह्याच्या हातावर ठेवायच्या आधी आज तीनदा हात धुतले. सांध्यांवर कातडी तडकली आहे, साबण झोंबतो.

३ फेब्रुवारी

कॉलेजातून आले तर हा घरात दिसेना. मागच्या खोलीच्या दाराला पाठ लावून फरशीवर बसला होता. दार बंद, आतून पोतडी नाकाने फूं फूं करतेय आणि हा तिला पेपरातल्या बातम्या सांगतोय!

मी ओरडले. फार ओरडले. मूल असतं तर त्याच्यावरही असं ओरडले नसते.

हा म्हणाला, "दार बंदच आहे ना?"

"दाराखालून फट आहे!"

"अगं, फटीतून... बरं. उठतो. पण एक सांगू? वर्षभर मला पण असंच ठेवलंयस तू. काचेत. तिला निदान आजार तरी आहे."

"तुला नाही का?"

"मला होता."

हा उठताना भिंतीला धरून उठला. मी हात द्यायला गेले. द्यावा की नाही, हात धुतलेत की नाही, या विचारात तो उठलासुद्धा.

जेवायला वाढलं. मग हाच म्हणाला, "तिला बाहेर काढ. कुठूनही काहीही येतं. फक्त तिच्याकडूनच येईल असं कुठे लिहिलंय?" मी म्हणाले, रिपोर्ट येऊ दे. तो म्हणाला, तुझा रिपोर्टवर विश्वास आहे का? वाईट आला तरच विश्वास ठेवशील.

मला वाईटच रिपोर्ट हवा आहे का? नाही. पण निदान कळेल. भीतीला एक नाव मिळेल.

४ फेब्रुवारी

बेवारस कुत्री सांभाळणाऱ्या बाईंना फोन केला. ह्याला न सांगता. पलीकडे पंधरावीस कुत्री एकदम भुंकत होती. त्या म्हणाल्या, "वय किती? आठ? आठ वर्षांनी सोडताय?" मी नवऱ्याच्या किडनीचं सांगितलं. त्यांचा आवाज मऊ झाला. "आणा मग. पण आधी डॉक्टरांना दाखवा. अंगावर काही घेऊन आली तर इथली सगळी धरतील."

उद्या डॉक्टरीणबाईंकडे नेते.

५ फेब्रुवारी

काय लिहू? कसं लिहू?

बाईंनी पोतडीला टेबलावर उताणी केली आणि पोट न्याहाळलं. मग डाग पाहिला. "हा तर भरत आलाय. नवे केस येताहेत, हे बघा." मग पोटावरून बोट फिरवलं. "हे वेगळंच आहे. कुठे कुठे आहे बघा — पोट, काखा, हनुवटी, तळवे. पाठीवर काही नाही. कानांत काही नाही. केस कमी आणि जमिनीला टेकतं, तेवढंच. बसते कशावर ही?"

"फरशीवर."

"फरशी पुसता कशाने?"

सांगितलं. किती घालता, तेही विचारलं. खोटं बोलावंसं वाटलं. नाही बोलले. चार झाकणं. कधी पाच. बंद खोलीत, दिवसातून दोनदा, वर साधं पाणी न फिरवता.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या हातांकडे. "तुम्ही काय करता?"

"रसायनशास्त्र शिकवते."

त्या हसल्या नाहीत. त्याबद्दल जन्मभर उपकार मानीन.

मुलांना आम्ल पातळ कसं करायचं ते दरवर्षी मी शिकवते. थेंब जास्त पडला तर गुण कापते. आणि घरात त्या मुक्या जिवाला रोज त्यातच लोळवलं. खाज बुरशीची नव्हती. माझी होती. मी दिलेली.

"आता घाबरू नका," बाई म्हणाल्या. "ॲलर्जीचं अर्धं औषध म्हणजे ज्याने होतं ते थांबवणं. पाय आणि पोट साध्या पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा, झोपायला धुतलेली सुती चादर द्या. खाजेच्या गोळ्या देते थोड्या दिवसांच्या. चाटायला लागली तर गळ्यात हा प्लॅस्टिकचा कोन घाला, तोंड पोचणार नाही."

परत येताना ती मागच्या सीटवरून माझ्या खांद्यावर हनुवटी ठेवून बसली. ती लाल हनुवटी. मी बाजूला केली नाही.

६ फेब्रुवारी

सगळी फरशी साध्या पाण्याने पुसली. पुन्हा पुसली. वास जाईपर्यंत. ह्याला सगळं सांगितलं, बेवारस कुत्र्यांच्या बाईंना केलेल्या फोनसकट. वाटलं, चिडेल. म्हणाला, "तू तिला देऊन टाकणार होतीस?" एवढंच. चिडला असता तर बरं झालं असतं.

मग थोड्या वेळाने, "मला कुणाकडे ठेवणार होतीस?"

विनोदच केला त्याने. पण मला लागला.

११ फेब्रुवारी

रिपोर्ट आला. बुरशी उगवली नाही! काहीही नाही!

दार उघडलं. पोतडी उंबऱ्यावर थांबली, माझ्याकडे बघत. "ये गं बाई," म्हटलं तेव्हा आली. गळ्यातला कोन दाराला आपटला, खुर्चीला आपटला, शेवटी ह्याच्या गुडघ्यांना आपटला. ह्याने तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि कितीतरी वेळ तसाच बसला. मी पाहत राहिले. "हात धू" म्हणायचं होतं, म्हटलं नाही. जमलं!

ताईंना फोन केला. "बरं झालं बाई," म्हणाल्या. मग, "तू जेवतेस ना नीट?"

१४ फेब्रुवारी

पोट उतरतंय. लाली जाऊन नुसता पिवळट कोंडा उरलाय. पंजे चाटणं कमी. पिसवांचं औषध दर महिन्याला टाकायचंच, विसरायचं नाही.

भीती मात्र तशीच आहे. आता तिला बसायला जागा नाही, म्हणून घरभर फिरते.

फळ्यावर लिहिताना बोटातून रक्त आलं. ताई व्हिडिओ कॉलवर हात बघून म्हणाल्या, "कुत्रीला दोनदा नेलंस डॉक्टरकडे, स्वतःला एकदा ने." सोमवारी जाते.

१७ फेब्रुवारी

त्वचेच्या डॉक्टरांनी हात पाहिले, मलम लिहून दिलं. मग सहज विचारलं, आणखी कुठे काही? नाही म्हटलं. तरी त्यांनी मान, पाठ पाहिली. "हे खांद्याच्या हाडाखालचं कधीपासून?" "कोणतं?" मी विचारलं. "खाज येत नाही?" येतही असेल, लक्ष कोण देतंय! खरवडून काचेवर घेतलं, तिथेच पाहिलं. गजकर्ण. कुत्र्याचा रिपोर्ट कोरा आहे तर माणसाकडूनच आलं असणार, म्हणाले. कॉलेज, बस, कुठूनही.

घरी आले. आत न जाता दारातूनच ह्याला सांगितलं. हा दचकला नाही. टीव्ही बंद केला.

"माहीत आहे. तू कपडे बदलत होतीस तेव्हा दिसलं. पोतडीला मागच्या खोलीत ठेवलंस त्याच आठवड्यात. फोटो तूच दाखवले होतेस."

"आणि बोलला नाहीस?"

"बोललो असतो तर तू माझ्याजवळ झोपली असतीस?"

मी म्हटलं, शर्ट काढ. मला पाठ बघू दे.

हा म्हणाला, "आधी आत ये."

जिन्याच्या पायरीवर बसून हे लिहितेय. दार त्याने उघडंच ठेवलंय.