तुम्ही दोघं कसे भेटलात?

१७ जून, सकाळ

चि. ताईसाहेब,

अनेक आशीर्वाद. तू, जावई आणि छोटी खुशाल असाल. मी बरी आहे. इथे उकाडा आहे, पाणी वेळेवर येतं, गुडघे कुरकुरतात पण चालतात. आमच्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर सांगायच्या की पत्राच्या पहिल्या परिच्छेदात तक्रार करू नये. म्हणून तो इथेच संपवते.

आता तक्रार.

मी पाठवलेले मेसेज तू वाचतेस, हे मला दिसतं. उत्तर देत नाहीस, तेही दिसतं. फोन केला तर 'बाबांना देते' म्हणतेस आणि मी 'अगं' म्हणेपर्यंत फोन त्यांच्या हातात गेलेला असतो. म्हणून हा कागद, आणि तोही तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर. घरी आलेलं टपाल ते उघडतात, आणि हे त्यांनी वाचता कामा नये. का, ते सांगते. पण जरा दम धर. तीन कागद फाडून झालेत.

इथलं म्हणशील तर मी सध्या सोसायटीची करमणूक आहे. खालच्या मजल्यावरची शेजारीण रोज जिन्यात गाठते. 'अजून नाही गेलात?' काल म्हटलं, 'गेले हो कधीच, हे माझं भूत कचरा टाकायला आलंय.' बिचारी दोन पायऱ्या मागे सरली. साठीच्या घरात पहिलं लग्न करायचं, वर नवरा सात महिन्यांत परदेशी परत जायचा, लोकांनी बोलायचं तरी आणखी कशावर? ते का परत गेले, हे समजावून सांगायचा मी नाद सोडलाय. तिकडचा राहण्याचा परवाना टिकवायचा तर जाणं भाग होतं आणि माझा परवाना यायचा होता, एवढं साधं आहे. पण 'नवऱ्याने टाकली' हे ऐकायला जास्त चटकदार.

परवान्यासाठी माझी मुलाखत झाली, तिच्याबद्दल तुला कोणी सांगितलं नसेल. काचेपलीकडे एक पोरगा बसला होता, टाय त्याच्यापेक्षा मोठा. विचारतो, तुमच्या नवऱ्याच्या दात घासायच्या ब्रशचा रंग कोणता? मी म्हटलं, 'घरी गेल्यावर आईला विचार, तुझ्या बाबांचा कोणता ते.' तिला सांगता आला नाही तर तेही लग्न खोटं धरणार का? तो हसला नाही. मग म्हणाला, पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपता? मी खाडकन सांगितलं, 'भिंतीच्या. आणि पुढचं विचारायचं असेल तर आधी वरच्या साहेबाला बोलाव.' परवान्याचं काम बघणाऱ्या आमच्या वकिलाने नंतर कपाळाला हात लावला. लावू दे.

शेवटी त्याने विचारलं, तुम्ही दोघं कसे भेटलात? त्यावर मात्र मी नीट, सविस्तर बोलले.

तुला ती गोष्ट ठाऊक नाही. तू कधी विचारलीच नाहीस. लग्नाच्या आधी तू फोनवर त्यांना एवढंच म्हणालीस, 'बाबा, स्वयंपाकाला बाई हवी असेल तर पगारी ठेवा.' मी बाजूलाच बसले होते. मला स्वयंपाक येत नाही, हे तुला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं.

तर ऐक. मी इस्पितळाच्या टेलिफोन एक्स्चेंजवर होते. आयुष्यभर कानाला हेडफोन. तुझे बाबा आमच्याकडच्या लिफ्ट तपासायला यायचे. एकदा तेच दोन मजल्यांच्या मध्ये अडकले. लिफ्टमधला फोन माझ्याकडे लागायचा. मी म्हटलं, 'कोण अडकलंय?' तर म्हणाले, 'लिफ्टवाला.' मला हसू आवरेना. दुसरा माणूस येईपर्यंत मी त्यांच्याशी बोलत राहिले. मधे इतर फोन घ्यायचे, जोडून द्यायचे, पुन्हा त्यांच्याकडे यायचे. 'आलात का परत?' म्हणायचे. त्यानंतर दर तपासणीला ते लिफ्टमधून एक फोन करायचे, 'लिफ्टवाला बोलतोय, सगळं ठीक.' बस, एवढंच. तुझी आई होती, तू होतीस, त्यांनी वावगा शब्द काढला नाही, आणि काढला असता तर मी फोन आपटला असता. तुझी आई गेल्यावर तू त्यांना तिकडे नेलंस. आणि पुढे बऱ्याच वर्षांनी ते इकडे आले, तेव्हा नंबर शोधून त्यांनी मला फोन केला. 'लिफ्टवाला बोलतोय. या वेळी सगळं ठीक नाही.'

हे सगळं मी त्या पोराला सांगितलं. त्यानेही टाय सैल करून ऐकलं.

आणि तिकडे त्यांच्या मुलाखतीत तुझ्या बाबांनी त्याच प्रश्नाला सांगितलं, की आम्ही तिच्या मामाच्या घरी भेटलो, ती हिरव्या साडीत होती आणि तिच्या हातून पाण्याचा पेला सांडला.

ती तुझी आई. मी कधी हिरवी साडी नेसत नाही आणि मला मामा नाही.

मग तिकडून पत्र आलं, की दोघांच्या जबाबात मेळ नाही, लग्न खरं असल्याबद्दल शंका आहे, जुलैअखेरपर्यंत खुलासा द्या, घरातल्या माणसाचं निवेदन जोडा. घरातलं माणूस म्हणजे तू. वकिलाने तुला फोन केला तर तू त्याला म्हणालीस, 'बाबांनाच खात्री नाही, मी काय लिहून देऊ? त्यांच्या मनात अजून आईच आहे. त्या बाईंना इकडे यायचंय, एवढंच खरं.' त्याने मला शब्दन् शब्द सांगितलं. चांगला आहे वकील, पण पोटात काही राहत नाही.

मी तुला त्या दिवशी काय काय म्हटलं ते लिहीत नाही. सिस्टरांनी शिकवलेलं नव्हतं त्यातलं काही. या वयात मला तिकडे येऊन काय सोनं लुटायचंय? इथे माझं पेन्शन आहे, वाचनालय आहे, भांडायला शेजारीण आहे.

दूधवाला आलाय. थांबते.

दुपार

दूधवाला नव्हता आला. मलाच उठायचं होतं.

हे बघ, इतकी वर्षं मी माणसं फक्त कानाने ओळखली. घाबरलेला माणूस आधी नंबर सांगतो आणि मग नाव. खोटं बोलणारा उगाच खोकतो. आणि ज्याला समोरचं काही आठवत नाहीये पण ते दाखवायचं नाहीये, तो 'वा वा, हो का, छान' म्हणतो. तुझे बाबा असे कधी बोलायचे नाहीत. आता वाक्यागणिक 'वा वा, छान.' मी सांगितलं, नळ फुटला, तरी 'वा, छान.' तू एका घरात राहून हे ऐकलं नाहीस, असं मला वाटत नाही. ऐकलं असशील आणि वय झालं म्हणून सोडून दिलं असशील. मीही सुरुवातीला सोडलंच होतं.

ते इथून जाण्याआधी एकदा पेपर आणायला खाली गेले ते येईनात. मी जिन्यातून पाहिलं तर लिफ्ट वर जात होती, खाली येत होती, पुन्हा वर. मी बटण दाबून थांबवली. आत तुझे बाबा, हातात पेपर. आयुष्य लिफ्टमध्ये गेलेला माणूस, आणि कोणत्या मजल्यावर उतरायचं ते आठवत नव्हतं. कुणाला विचारायची लाज वाटत होती. घरात येऊन बसले आणि माझा हात धरून म्हणाले, 'लेकीला सांगू नकोस. ती मला एकट्याला बाहेर सोडणार नाही. नातीला माझ्याकडे ठेवणार नाही. शब्द दे.'

मी दिला.

आज तो मोडतेय. लिहून झालं एकदाचं.

तेव्हा मुलाखतीत त्यांनी तुझ्या आईची गोष्ट सांगितली, ती मला नाकारायला नव्हे. त्यांना 'बायको कशी भेटली' एवढंच ऐकू आलं, आणि हाताशी जे होतं ते त्यांनी दिलं. मला वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही, खूप वाटलं. पण आमच्या इस्पितळातल्या जुन्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, तर त्या म्हणाल्या, बहुतेक जे आधी आलं ते शेवटपर्यंत टिकतं, आणि जे नवं ते आधी जातं. तुझी आई राहील. तू राहशील. मी सगळ्यात शेवटी आले, म्हणजे सगळ्यात आधी माझा नंबर. त्या परवान्याच्या ऑफिसला वाटतंय की फाईल वर्षभर पडून राहिली तर काय बिघडलं. माझ्याकडे तेवढं वर्ष नाही, ताई.

रोज सकाळी, म्हणजे तुमच्या संध्याकाळी, मी त्यांच्याकडून लिफ्टची गोष्ट घोकून घेते. पोराचा पाढा घ्यावा तशी. 'कुठे अडकला होतात? फोन कुणी उचलला?' चांगल्या दिवशी ते माझ्यापेक्षा रंगवून सांगतात, वर मलाच चिडवतात, 'तू तेव्हा फारच किंचाळत बोलायचीस.' मग माझा दिवस बरा जातो. जेवते, वाचनालयात जाते, ग्रंथपालाशी दंडावरून हुज्जत घालते. वाईट दिवशी फोन ठेवल्यावर मी त्यांचा सदरा इस्त्री करते. धुतलेलाच असतो, इस्त्रीही केलेलाच असतो. हे वाचून हसू नकोस.

मागच्या रविवारी मी 'हॅलो' म्हटलं, तर पलीकडून अगदी अदबीने आवाज आला, 'आपण कोण बोलताय?'

माझ्या तोंडून आपोआप निघालं, 'ऑपरेटर.' सवय, दुसरं काय.

ते म्हणाले, 'बाई, जरा माझ्या बायकोला फोन जोडून द्या ना. केव्हाचा लावतोय.'

मी म्हटलं, 'थांबा हं, जोडते.' फोन दुसऱ्या कानाला लावला. मग पुन्हा म्हटलं, 'हॅलो.'

'कुठे होतीस गं?' म्हणाले. 'किती वेळ लावतात हे लोक!'

मग पाऊण तास बोलले. नळाचंही विचारलं.

त्यानंतर मी हा कागद काढला. भीक मागायची मला सवय नाही, म्हणून स्पष्ट सांगते. त्यांना डॉक्टरकडे घेऊन जा. चष्म्याचा नंबर बघायचाय म्हणून ने, पण ने. डॉक्टर काय म्हणतात ते त्यांच्याकडून लिहून घे आणि वकिलाकडे दे, म्हणजे जबाब का जुळले नाहीत ते त्या टायवाल्याच्या साहेबाला कळेल. त्याच्यासोबत तुझं निवेदन जोड. मी तुला आवडते, असं लिहू नकोस. खोटं निवेदन हा तिकडे गुन्हा आहे म्हणे. बाबा रोज संध्याकाळी कुणाच्या फोनची वाट बघत बसतात, एवढंच लिही. ते तू डोळ्यांनी बघतेस.

आणि एवढं करूनही त्या ऑफिसने नाहीच म्हटलं, तर बाबांना इकडे आणून सोड. त्यांचा तिकडचा परवाना गेला तर गेला. छोटीपासून आणि तुझ्यापासून त्यांना तोडायला मला आवडणार नाही, पण इथे मी आहे, आणि लिफ्टमध्ये आमच्या मजल्याच्या बटणाला मी लाल पट्टी चिकटवून ठेवली आहे. त्यांना नातीकडे एकटं सोडू नकोस, पण नातीला त्यांच्यापासून दूरही ठेवू नकोस. शब्द मोडला म्हणून ते माझ्यावर रागावतील. रागावू देत. निदान राग माझ्यावर आहे हे लक्षात ठेवून रागावू देत.

तुझ्यावर मी चिडले होते. अजूनही आहे, थोडी. पण हे तुला एकटीला कळणार, तेव्हा जवळ कुणीतरी असू दे. जावयांना आधी सांग, मग रड.

उत्तर लिहीत बसू नकोस, फोन कर. मी उचलेनच. इथे उचलायला दुसरं कोणी नाही.

तुझ्या बाबांची बायको

(हे खरं का, असं त्यांना विचारू नकोस. मला विचार.)